‘बसू नका’ असं कुणी म्हणत नाही, तरी कुणी बसत नाही

पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई शेतमजुरांच्या टोळीच्या मुकादम आहेत. अठरा-वीस जणांना घेऊन त्या काढणीची कामं घेतात. काम उक्तं, मजुरी क्रेटवर. यंदा त्यांच्या मोठ्या बहिणीचा मुलगा पहिल्यांदाच टोळीत आला. वय एकवीस, अंगानं धडधाकट. चौथ्या दिवशी दुपारी तो भरलेली क्रेट भलत्याच पातीत नेऊन ओतायला लागला. हाक मारली तर ओ देईना, बोलायला गेला तर जीभ जड. मग तिथंच कोसळला. लोकांनी झाडाखाली नेऊन डोक्यावर पाणी मारलं, तासाभरानं तो नीट बोलायला लागला. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. दोन दिवस झोपून होता, आता ‘येऊ का?’ म्हणून विचारतोय.

टोळीतले जुने लोक म्हणतात, ‘कोवळं पोर आहे, त्याला ऊन सोसायचं नाही. आम्हाला कधी काही झालं का?’ मालक म्हणतात, ‘पिंपात पाणी आहे, बांधाला झाड आहे, बसू नका असं कधी म्हटलंय का मी?’ ताईंनी मध्ये थांबायला सांगितलं तर टोळीच कुरकुरते, कारण बसलं की क्रेट कमी भरतात. ताईंचे प्रश्न दोन आहेत. भाच्याला परत आणावं का? आणि ज्यांना वर्षानुवर्षांची सवय आहे, त्यांच्यावर नियम लादून रोष कशाला ओढवून घ्यायचा?

ताई,

आधी भाच्याचं बघू, कारण ते थांबण्यासारखं नाही.

उन्हात माणूस थकतो, डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात. तोवर सावली, पाणी आणि विश्रांतीनं गोष्ट आवरता येते. पण माणूस असंबद्ध वागायला लागला, ओ देईनासा झाला, की तो उष्माघातच समजून चालायचं. अशा वेळी शरीराच्या आतलं तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर गेलेलं असू शकतं. त्यात मेंदूबरोबर मूत्रपिंड, यकृत आणि स्नायूंनाही इजा होते, आणि ही इजा कधी कधी माणूस नीट बोलायला लागल्यावर दोन-तीन दिवसांनी दिसते. तेव्हा त्याला आजच डॉक्टरकडे न्या. तिथं ‘चक्कर आली होती’ एवढ्यावर भागवू नका. क्रेट भलतीकडे ओतली, जीभ जड झाली, किती वेळ तो भानावर नव्हता, हे सगळं सांगा. मूत्रपिंड, यकृत आणि स्नायूंसाठीची रक्ततपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा. लघवी गडद तपकिरी झाली होती का, ते भाच्याला विचारून ठेवा. शेतात नुकतीच फवारणी झाली असेल तर औषधाचं नाव किंवा रिकाम्या बाटलीची चिठ्ठी सोबत न्या. काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही घाम, मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळ दिसतो. लाळ गळणं आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं ही त्यातली वेगळी खूण, पण ती ओळखायचं काम डॉक्टरचं.

डॉक्टर ‘जा’ म्हणेपर्यंत त्यानं उन्हात पाऊल टाकू नये. रिपोर्ट चांगले आले तरी निदान आठवडाभर नाहीच. एकदा उष्माघात झालेल्या शरीराला पुढचे काही आठवडे ऊन कमी झेपतं.

आता ‘कोवळं पोर’. हे मत टोळीत सगळ्यांना सोयीचं आहे. पोरगं कच्चं ठरलं की बाकी काही बदलायला नको. पण तुमच्याच पत्रात लिहिलंय की तो धडधाकट आहे, आणि चौथ्या दिवशी दुपारीही तो भरलेल्या क्रेट उचलत होता. अंगमेहनत करताना स्नायू जेवढी शक्ती खर्च करतात, तिचा पाव हिस्साही कामी येत नाही. उरलेल्या सगळ्या शक्तीची उष्णता होते, आणि ती बाहेर टाकता आली नाही तर शरीरातच साठते. म्हणजे वरून ऊन आणि आतून काम, अशी दोन्हीकडून भट्टी. त्यामुळे जो जास्त जोरात काम करतो तो जास्त तापतो. नवीन पोरगा, मावशीच मुकादम, चार जुन्या लोकांसमोर स्वतःला सिद्ध करायचंय. तो थांबेल कसा? कामचुकार माणूस उन्हात क्वचितच कोसळतो, हे लक्षात घ्या.

दिवस चौथा होता, हेही साधं नाही. अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा खात्याच्या सांगण्यानुसार, कामावर उष्णतेनं होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे कामाच्या अगदी पहिल्या दिवशी होतात आणि 70 टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. उन्हाची सवय ही मनाची तयारी नसते, शरीरात खरोखर बदल होतात. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला द्रव वाढतो, त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी लागतात. याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि ते घाईनं होत नाही. म्हणून नवीन माणसासाठी नियम असा सुचवला जातो की पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या पाचव्या हिश्शाएवढंच, आणि पुढे रोज तेवढीच भर. म्हणजे पूर्ण दिवस पाचव्या दिवशी. तुमचा भाचा पहिल्याच दिवसापासून पूर्ण दिवस राबत होता, असं पत्रावरून दिसतं.

तेव्हा ‘परत आणू का?’ याचं माझं उत्तर: डॉक्टरांनी परवानगी दिली तर आणा, पण पहिल्या दिवसाचा नवखा समजून, याच चढत्या हिशोबानं. उरलेला वेळ सावलीत प्रतवारी, क्रेट रचणं, पाणी पोचवणं असं काम द्या आणि त्याची मजुरी रोजावर ठरवा. ते जमणारं नसेल तर या हंगामात आणू नका. मधला रस्ता, म्हणजे ‘ये, पण जपून कर’, तो मात्र घेऊ नका. उक्त्यावर जपून काम करता येत नाही.

आता जुनी माणसं. ‘आम्हाला कधी काही झालं का?’ याचं उत्तर त्यांच्याकडून मिळणार नाही, कारण ज्यांना झालं ते आता टोळीत नाहीत. शिवाय सवय हे कायमचं कवच नव्हे. आजारपणामुळे किंवा काम नसल्यामुळे आठवडा-दोन आठवडे घरी बसलेला जुना माणूस पुन्हा निम्मा नवखा होतो. त्याच्यासाठीही पायऱ्या सांगितल्या आहेत: पहिल्या दिवशी निम्मं, मग साठ टक्के, मग ऐंशी, चौथ्या दिवशी पूर्ण. आणि हंगामातली पहिली उष्णतेची लाट आली की टोळीतले सगळेच काही दिवस नवखे असतात.

आणखी एक, जे ऐकून जुन्यांना नवल वाटेल. सवय झालेल्या माणसाला पाणी कमी लागत नाही, जास्त लागतं, कारण त्याला घाम जास्त येतो. ‘मला दिवसभर तहानच लागत नाही’ असं अभिमानानं सांगणारा कुणीतरी तुमच्याकडेही असेल. त्याच्याकडे लक्ष ठेवा.

कोसळणं हा एकच धोका नाही. एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं निकामी होताना डॉक्टरांना आढळली. त्यांना ना मधुमेह होता, ना आधीपासून रक्तदाब. 2002 पासून त्यावर लिहिलं जातंय. कारणांचा शोध अजून संपलेला नाही, पण रोजच्या रोज उन्हात कष्ट आणि पाणी कमी, यावर संशय दाट आहे. कॅलिफोर्नियात 2014 च्या उन्हाळ्यात शेतमजुरांचं रक्त कामाआधी आणि काम संपल्यावर तपासलं, तेव्हा साधारण आठांत एकाच्या मूत्रपिंडाला एका दिवसाच्या कामात इजा झाल्याच्या खुणा सापडल्या. ज्यांची मजुरी मालावर होती त्यांच्यात हे प्रमाण रोजंदारीवाल्यांपेक्षा बरंच जास्त होतं. तुमच्या टोळीतल्या एखाद्याला पाय दुखतात म्हणून रोज दुखण्याची गोळी घ्यायची सवय असेल तर तीही बघा. अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात.

मालावरच्या मजुरीचा उल्लेख आला, तर मालकांच्या वाक्याकडे येऊ. ‘बसू नका असं कधी म्हटलंय का?’ नसेल म्हटलं. पण क्रेटवर पैसे देणं म्हणजे दर मिनिटाला ‘बसू नका’ असं म्हणणंच आहे. पिंप आणि झाड दोन्ही बांधाला. माणूस पातीच्या मधोमध असेल तर जायला पाच मिनिटं, यायला पाच. साखळीला बांधलेला एकच पेला, त्यामुळे तिथंही रांग. उन्हात तापून पाणी कोमट झालेलं. तेवढ्या वेळात शेजारची बाई अर्धी क्रेट पुढे गेलेली असते. असं असताना कुणी पाणी प्यायला गेला नाही, तर त्याला बेफिकीर म्हणता येत नाही. तो हिशोब बरोबर करतोय, हिशोबाची मांडणीच वाईट आहे.

आणि ताई, जरा अवघड गोष्ट बोलते. तुमची मुकादमीही मालावरच ठरत असणार. टोळी थांबली तर तुमचंही कमी होतं. तुम्ही मनापासून ‘थांबा’ म्हणत असाल, पण टोळीला हा हिशोब माहीत असतो, आणि मालकाची गाडी आल्यावर तुमची धावपळही दिसत असते. म्हणून ‘ज्याला वाटेल त्यानं बसावं’ ही मोकळीक चालत नाही. त्यातून फक्त जो आधीच कोसळायला आलाय तोच बसतो, तेही लाजत. शिवाय उष्माघातात आधी विचारशक्तीच जाते. आपल्याला काही होतंय हे कळायलाच माणूस शुद्धीवर राहत नाही.

त्यामुळे थांबायची वेळ ठरलेली हवी आणि सगळ्यांनी एकदमच थांबायला हवं. शिट्टी वाजली की अख्खी टोळी पातीबाहेर. सगळेच बसले की कुणी कुणाच्या पुढे जात नाही, आणि टोळीतला निम्मा विरोध तिथंच मावळतो. किती वेळ? कॅलिफोर्नियातला कायदा बघा. 2005 साली त्यांनी बाहेर काम करणाऱ्यांसाठी उष्णतेचे नियम केले आणि पुढे ते कडक केले. आता ते असे: साधारण 27 अंशांच्या वर सावली असलीच पाहिजे, माणशी तासाला जवळपास एक लिटर पाणी, नव्या माणसावर पहिले 14 दिवस बारीक लक्ष, आणि 35 अंशांच्या वर शेतात दर दोन तासांनी दहा मिनिटं सक्तीची विश्रांती. माझ्या मते ही दहा मिनिटं म्हणजे किमान. दमट हवा असेल, उंच पिकात वारा लागत नसेल, नुकतंच पाणी दिलेलं असेल, तर दर तासाला थांबा. घाम येणं पुरेसं नसतं, तो वाळला तरच शरीर थंड होतं, आणि दमट हवेत तो वाळत नाही. म्हणून तापमानाचा नुसता आकडा बघून ‘आज फार नाही’ असं ठरवू नका.

पैशाचं काय? त्याच कॅलिफोर्नियात 2016 पासून मालावर मजुरी असली तरी विश्रांतीच्या वेळेचे पैसे वेगळे द्यावे लागतात. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, मालकाशी सौदा करताना हाच मुद्दा ठेवा: क्रेटचा दर आहे तो राहू दे, विश्रांतीच्या मिनिटांचे तासाच्या हिशोबानं थोडे पैसे वर द्या. किंवा ठराविक तापमानाच्या वर तो दिवस रोजंदारीवर. मालक म्हणतील, माल कमी निघेल. एल साल्वादोरमध्ये ऊसतोडणीच्या एका टोळीत पाणी, सावली, ठरलेली विश्रांती आणि सोबत सुधारलेला कोयता दिला, तेव्हा माणशी रोजचा ऊस 5.1 टनांवरून 7.3 टनांवर गेला. त्यात कोयत्याचा वाटा किती आणि विश्रांतीचा किती, हे वेगळं काढता येत नाही, तेव्हा मालकाला तेवढ्याच वाढीचं वचन देऊ नका. पण थांबल्यानं काम बुडतं, हे मात्र खरं ठरलं नाही. दुपारी दोन वाजता तुमच्या टोळीचा वेग किती असतो, ते तुम्हाला मालकापेक्षा जास्त ठाऊक आहे.

जिथं जमेल तिथं कामाची वेळच हलवा. उजाडताच सुरुवात, भर दुपारी बंद. मात्र पहाटे उठायचं तर रात्रीची झोप तुटते, आणि बायांना घरचं आवरून यायचं असतं. म्हणून वेळ बदलण्याआधी त्यांना विचारा.

बायांचा विषय निघालाच आहे. त्या पाणी कमी पितात याचं कारण तुम्हाला मी सांगायला नको: आडोसा नसतो. दिवसभर लघवीला जायला लागू नये म्हणून त्या सकाळपासूनच तोंड कोरडं ठेवतात. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, आणि उन्हाचा धोकाही वाढतो. ही गोष्ट पुरुष मुकादमाच्या लक्षातही येत नाही, तुमच्या येईल. चार बांबू, जाड कापड, हात धुवायला पाण्याचा कॅन, आणि काम पुढे सरकलं की आडोसाही पुढे. पाण्याच्या पिंपाइतकंच हे महत्त्वाचं आहे, किंबहुना याच्याशिवाय पिंपाचा उपयोग निम्माच. गरोदर बाई टोळीत असेल तर तिला भर उन्हातून काढून सावलीतलं काम द्या, ती ‘जमतंय’ म्हणाली तरी.

पाणी पातीपर्यंत न्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागायची वाट न बघता. कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवला की पाणी गार राहतं, आणि गार पाणी माणसं आपणहून जास्त पितात. उलट टोकही नको: तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ धोकादायक कमी होतं. दुपारचं जेवण नीट झालं तर मीठ बहुतेकांना पुरतं. तासन्‌तास घाम गळत असेल तर ओआरएस द्या. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्यांना ऊन लवकर बाधू शकतं. गोळ्या बंद करायला सांगू नका, डॉक्टरांशी बोलायला सांगा.

पुन्हा कुणी बरळायला लागला तर काय करायचं, हे आत्ताच टोळीला बसवून सांगा. दोघादोघांच्या जोड्या लावा, जोडीदारानं अधूनमधून साधा प्रश्न विचारायचा, कितवी क्रेट चाललीय वगैरे. उत्तर भलतंच आलं की काम बंद. एकानं रुग्णवाहिकेला फोन करायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी अंग थंड करायला घ्यायचं. मागच्या वेळी तुम्ही डोक्यावर पाणी मारलंत, ते बरोबर पण अपुरं. कपडे सैल करा, जमतील तेवढे काढा, आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग भिजवत वारा घालत राहा. सगळ्यात चांगलं म्हणजे गार पाण्यात गळ्यापर्यंत बसवणं. शेतावर टब नसतो पण ताडपत्री असते: माणसाला तीवर ठेवायचं, चारी बाजू चार जणांनी उचलून धरायच्या, आत मोटरचं पाणी सोडायचं, बर्फ मिळाला तर तोही, आणि पाणी हलवत राहायचं. एकानं त्याचं डोकं सतत वर धरायचं. आधी थंड करणं, मग नेणं. पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो, आणि गाडी शोधण्यात तो जातो. शुद्ध नसेल किंवा बरळत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी देऊ नका. हा तो ताप नव्हे, गोळीनं उतरत नाही आणि यकृताला त्रास होतो. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ असं कुणी म्हणेल, त्याचं ऐकू नका. कष्ट करताना झालेल्या उष्माघातात अंग घामानं निथळत असू शकतं.

एवढं सगळं एका दिवसात होणार नाही, हे मलाही दिसतंय. उद्यापासून शिट्टी, पातीपर्यंत पाणी आणि आडोसा एवढं तुम्ही कुणालाही न विचारता करू शकता. जोड्याही लावू शकता. पैशाची बोलणी मालकाशी करायची आहेत, ती पुढचं काम घेण्याआधी करा, मध्येच नव्हे. माल पिकून उभा असताना त्यांनाही टोळी लागतेच, तेव्हा तुमचा हात अगदीच खाली नाही. बोलणी फिसकटली तरी शिट्टी सोडू नका. पहिल्या आठवड्यात टोळी नावं ठेवेल. दोन-चार जण कदाचित दुसऱ्या मुकादमाकडे जातील, आणि त्यातला एखादा चांगला काम करणारा असेल. तो तोटा तुम्हाला सोसावा लागेल.